काउंटीचा बाप

ब्रॅकनेलच्या ऑफिसात बसून, चहा पिता पिता, मी अमेरिकेतल्या एका अख्ख्या काउंटीचा बाप चुकवला. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. एक शब्द बदलला, वर दोन वाक्यं पदरची घातली आणि सँडविच आणायला गेलो.

काउंटीचं नाव सांगत नाही. तिचं माझ्या हातून व्हायचं तेवढं नुकसान होऊन गेलेलं आहे. आपल्याकडे जिल्हा तशी तिकडे काउंटी, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. फरक इतकाच, की आपल्या जिल्ह्यात माणसं असतात आणि या काउंटीत मका होता. मक्याच्या मधोमध एक कोर्टहाउस, समोर हिरवळ, हिरवळीवर एक तोफ. या तोफेतून कधी कुणावर गोळा सुटल्याची नोंद नाही.

दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. पुण्याहून इंग्लंडला मी प्रोग्रॅम लिहायला आलो होतो. कंपनी सरकारी कचेऱ्यांसाठी वेबसाइट बनवायची. कौन्सिलचा कचरा कुठल्या वारी उचलणार, पार्किंगच्या परमिटसाठी कुठला फॉर्म, असल्या थोर विषयांवर मी माझी इंजिनिअरिंगची पदवी झिजवत होतो. आम्ही राहायचो हाउन्सलोला, कारण बायको जवळच्या हॉस्पिटलात ट्रेनी डॉक्टर होती. विमानं डोक्यावरून इतकी खालून जायची, की चाकं मोजता यायची. तिथून मी रोज गाडीने ब्रॅकनेलला जायचो. ब्रॅकनेल हे गाव कुणीतरी उरलेले राउंडअबाउट, म्हणजे गोल वळशाचे चौक, एकमेकांना जोडून बनवलेलं आहे. मधे मधे काचेची ऑफिसं आहेत, म्हणजे राउंडअबाउटवर फिरून दमलेल्या माणसाला कुठेतरी बसता यावं.

एके दिवशी आमच्या मॅनेजरने जाहीर केलं की कंपनीला अमेरिकेतलं पहिलं काम मिळालंय. हा मॅनेजर इंग्लिश, उंच, आणि कुठलीही गोष्ट सरळ न सांगण्याचा पगार घेणारा. काम काय, तर खेडवळ भागातल्या एका काउंटीची वेबसाइट. तिला दीडशे वर्षं होत होती. वेबसाइटवर ‘आमची स्थापना आणि आमचं नाव’ असं एक पान हवं होतं. मला ‘कन्टेन्ट लीड’ केलं गेलं. म्हणजे त्यांनी पाठवलेला मजकूर वर्डमधून उचलून वेबसाइटवर चिकटवायचा. मराठीत याला कारकुनी म्हणतात, पण कारकुनाला निदान आपण कारकून आहोत हे माहीत असतं.

त्या स्थापनेचे कागद मी वाचले. इतका फालतू इतिहास मी आयुष्यात वाचलेला नाही, आणि मी शाळेत इतिहासाची सगळी पुस्तकं पाठ केलेला माणूस आहे.

मुळात तिथे एकच अवाढव्य काउंटी होती. शेतकऱ्याला घोड्यावरून कोर्टात जाऊन त्याच दिवशी घरी परतता यावं, असा तिकडचा हिशेब. पश्चिमेच्या टोकाच्या लोकांना जायलाच दीड दिवस लागायचा. त्यामुळे ते कोर्टात जायचेच नाहीत, आपसातले तंटे आपसातच बंदुकीने मिटवायचे. तेव्हा राजधानीत बसलेल्या लोकांनी नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेचा तुकडा कापला. दक्षिणेची हद्द एका ओकच्या झाडापर्यंत ठरली. ते झाड पुढच्याच हिवाळ्यात कुणीतरी तोडून जाळलं. हद्द जाळून शेकत बसलेल्या या मंडळींची तैलचित्रं आज कोर्टहाउसच्या भिंतीवर आहेत आणि खाली सोन्याच्या अक्षरांत ‘संस्थापक’ असं लिहिलेलं आहे. मुख्य गाव कुठलं, यावर तीन वस्त्यांची मारामारी झाली. ज्या वस्तीत छप्पर शाबूत असलेली एक खोली होती, ती जिंकली. ती खोली दारूच्या गुत्त्याची होती. पहिलं कोर्ट तिथेच भरलं आणि न्यायाधीश पिंपावर बसला. पिंप रिकामं होतं की भरलेलं, यावर कागदपत्रं गप्प आहेत.

आता नाव. राजधानीत कायद्याचा मसुदा तयार झाला, पण नावाची जागा कोरीच होती. त्या भागाच्या आमदाराने ती भरली. या गृहस्थाचं नाव तीन भागांचं: स्वतःचं, मधलं आणि आडनाव. त्याने कोऱ्या जागेत स्वतःचं मधलं नाव लिहून टाकलं.

का लिहिलं, यावर काउंटीत दोन तट होते. काउंटीचा कारभार पाच कमिशनर बघायचे. पाचही पुरुष, पाचही जण कॅप घालून फोटोत उभे. त्यांचं म्हणणं, हे नाव एका जनरलचं. त्याच आडनावाचा एक जनरल कुठल्याशा लढाईत गाजला होता. तो या भागात कधी फिरकला नव्हता, त्याला हा भाग आहे हे ठाऊक असल्याचाही पुरावा नव्हता. पण जनरल असला की समारंभात तोफ उडवता येते.

दुसरा तट एका बाईंचा होता. या बाई कोर्टहाउसमध्ये चाळीस वर्षं क्लर्क होत्या. निवृत्त झाल्यावर त्याच इमारतीच्या तळघरात बसून जुने कागद सांभाळायच्या आणि कमिशनरांच्या बैठकांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तंही लिहायच्या. वर्षानुवर्षं त्या सांगत होत्या की जनरलचा काही संबंध नाही. अखेर त्यांनी कुठून कुठून पुरावे शोधून काढले आणि कमिशनरांचं तोंड बंद केलं. ठरलं असं, की नावाबद्दलचा बाईंनी लिहिलेला परिच्छेद वेबसाइटवर जाईल आणि तोच कोर्टहाउससमोरच्या ग्रॅनाइटच्या दगडावर कोरला जाईल. दगड कोरणारा मजकूर वेबसाइटवरूनच घेणार होता. म्हणजे मी चिकटवेन तो दगडावर जाणार. बाईंच्या आयुष्याचं सगळं काम त्या एका परिच्छेदात होतं.

परिच्छेद आला. सोबत तीन फाइली जोडलेल्या होत्या. त्या मी उघडल्या नाहीत. परिच्छेदाच्या मधोमध वाक्य होतं: हे नाव आमदाराच्या आईचं.

मी थांबलो. मधलं नाव, आणि आईचं? मला हसू आलं. बिचाऱ्या बाईंचं वय झालेलं, टाइप करताना ‘वडिलांचं’ऐवजी ‘आईचं’ झालं असणार. माणसाच्या मधल्या नावात बाप असतो. माझ्या नावात माझा बाप आहे, माझ्या बापाच्या नावात माझे आजोबा आहेत, शाळेच्या हजेरीपासून व्हिसाच्या शिक्क्यापर्यंत तो बाप माझ्या मधोमध बसून आलेला आहे. इंग्लंडमध्ये पाच वर्षं राहून मला एकदाही अशी शंका आली नव्हती की जगात दुसरी काही पद्धत असू शकेल.

माझा किती विश्वास होता बघा. आमची मुलगी झाली तेव्हा बायको सिझेरियन होऊन पडलेली. जन्माची नोंद करायला मी एकटाच हाउन्सलोच्या रजिस्ट्रारकडे गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, “मिडल नेम आहे काही?” मी छाती काढून माझं सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं. पुढे बेबी क्लिनिकमध्ये नर्स दारात उभी राहून मुलीला पूर्ण नावाने हाक मारायची आणि दरवेळी दचकून मी उभा राहायचो. वजनकाट्यापाशी नर्सला कळेना, नक्की कुणाला तोलायचंय. बायको तेव्हा काही बोलली नाही. मी समजलो, पसंत आहे.

आणि वडिलांचं नाव देण्याचं मला काय नवल? पिनर या उपनगरात आमची मराठी मंडळी एका हॉलमध्ये गणपती करायची. हॉलच्या स्वयंपाकघरात आमच्या लोकांनी दान दिलेली भांडी. एकाही पातेल्याला मोकळा पत्रा नाही. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, चिरंजीव डॉक्टर तमुक.’ साठ-सत्तरच्या दशकात इथल्या हॉस्पिटलांत येऊन मोठे झालेले डॉक्टर, हयातीत वडिलांना वर्षातून एक पत्र टाकणारे, वडील गेले की ताबडतोब पातेलं आणायचे. पोहे ढवळताना डाव कुणाच्या तरी वडिलांच्या आडनावावरून खरडत जायचा. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरला पातेलं मिळालं, त्या आमदाराला काउंटी मिळाली. हिशेब सरळ आहे.

तेव्हा मी ‘आईचं’ खोडून ‘वडिलांचं’ केलं. इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण वाक्य मला फार कोरडं वाटलं. मी आणखी दोन घातली. कर्तबगार पित्याने घडवलेल्या कृतज्ञ पुत्राने पितृऋणातून उतराई होण्यासाठी ही भूमी त्यांच्या पवित्र स्मृतीस अर्पण केली, असा काहीसा मजकूर. लिहिला इंग्रजीत, पण वास पुण्याच्या पेपरातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीचा. फोटोत हार घातलेला आमदाराचा बाप मला स्पष्ट दिसत होता.

मजकूर बदलला की काउंटीची मंजुरी पुन्हा घ्यावी लागायची. पण स्क्रीनवर ‘मायनर एडिट’ असा एक चौकोन होता. स्वल्पविराम वगैरे दुरुस्त केला तर त्यात बरोबरची खूण करायची, मग मंजुरी लागत नाही. मी खूण केली.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी दुपारी, माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तिकडे सकाळचे नऊ.

“मी कोर्टहाउसच्या तळघरातून बोलतेय,” बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. शांत आवाजाच्या बायकांची मला लहानपणापासून भीती वाटते. “माझं वाक्य कुणी बदललं?”

“सिस्टिमने काहीतरी केलं असेल,” मी म्हणालो.

“तुमच्या सिस्टिमला वडील आहेत?”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळायला लागलो.

“कारण ज्याने कुणी हे लिहिलंय, त्याचं त्याच्या वडिलांवर फार प्रेम दिसतंय. दगडावर खडूने अक्षरं आखून झालीत. सोमवारी छिन्नी लागेल. मी कमिशनरांना सांगितलं की हे चूक आहे. तर ते म्हणतात, राहू दे, छान वाचलं जातंय. शुक्रवारी सकाळी बैठक आहे. तुम्ही फोनवर असाल.” आणि त्यांनी फोन ठेवला. मी असेन का, असं त्यांनी विचारलं नाही.

तेव्हा मी त्या तीन फाइली उघडल्या.

पहिली चर्चच्या विवाहनोंदीची. आमदाराच्या आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे काउंटीचं नाव. तिकडे आईचं माहेरचं आडनाव मुलाच्या मधल्या नावात घालायची पद्धत आहे, हे मला त्या दिवशी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. दुसरी फाइल म्हणजे एका जुन्या वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी. आमदाराचा बाप घोडा विकत आणायला म्हणून घराबाहेर पडला आणि परत आला नाही. मागे बायको आणि पाच लेकरं. तिसरी फाइल आमदाराने भावाला लिहिलेल्या पत्राची. त्यात तो सांगतो, कोऱ्या जागेत मी आईचं नाव घालून टाकलंय. सगळ्यांना जनरलचं वाटेल, तर वाटू दे, म्हणजे कुणी अडवणार नाही. आईला मी सांगितलंय. ती म्हणाली, दूध उतू जाईल, बाजूला हो.

दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने सगळ्या विधानसभेच्या डोळ्यांत धूळ फेकून आपली आई नकाशावर नेऊन बसवली होती. दीडशे वर्षांनी एक बाई तिला जनरलच्या घोड्याखालून ओढून बाहेर काढते, तोवर ब्रॅकनेलहून मी येतो आणि तिच्या जागी तो पळून गेलेला नवरा बसवतो. वर त्याला कर्तबगार म्हणतो.

मी मॅनेजरकडे गेलो. सगळं ऐकून त्याने खुर्ची मागे रेलवली.

“आपण असं म्हणू, की मजकूर ग्राहकाकडून आला तसाच प्रसिद्ध केला.”

“पण तो तसा आला नव्हता.”

“जोडलेल्या फाइली कोण उघडतं?” तो म्हणाला. निदान याबाबतीत त्याने माझी नाडी अचूक ओळखली होती. “म्हाताऱ्या बाई आहेत. लिहिताना गोंधळ झाला असेल, असं सौम्यपणे सुचवायचं.”

“म्हणजे वडील त्यांनीच लिहिले, असं?”

“सुचवायचं,” तो म्हणाला. मग एकदम त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. “एक मिनिट. मधलं नाव बापाचंच असतं, असं तुला वाटायचं? सगळ्यांचंच?”

“हो.”

“माझे वडील वारले तेव्हा तू कार्ड दिलं होतंस. आतमध्ये लिहिलं होतंस की अमुक यांच्या आत्म्याला शांती लाभो. ते माझं मधलं नाव आहे.”

“हो.”

“ते माझ्या आजोबांच्या शेजाऱ्याचं नाव आहे. जिवंत आहे तो. आईने ते कार्ड त्याला नेऊन दाखवलं होतं.”

आता मी फार शूर माणूस आहे आणि म्हणून मी खरं सांगायचं ठरवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. माझं वर्क परमिट कंपनीच्या नावावर होतं, घरात वर्षा-दीड वर्षाचं मूल होतं, आणि मॅनेजरचा बेत मला पहिल्या झटक्यात चांगलाच पटला होता. पण अडचण अशी की प्रत्येक बदलापुढे बदलणाऱ्याचं पूर्ण नाव आपोआप नोंदलं जायचं. ही सोय त्या सिस्टिममध्ये कुणी घातली होती? मीच. बक्षीस म्हणून मला त्याबद्दल एक मगही मिळाला होता. काउंटीच्या कुणीही ती नोंद बघायचं बटण दाबलं असतं, तर त्या वाक्यापुढे माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव आणि आमचं आडनाव, असे तिघेही ओळीने उभे दिसले असते. त्या तळघरातल्या बाई बटण दाबणार नाहीत, असं समजणारा मूर्ख मीसुद्धा नव्हतो. आणि आणखी एक होतं. ते दूध उतू जाण्याचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मीटिंग रूममध्ये मी आणि मॅनेजर टेबलावरच्या स्पीकरफोनसमोर बसलो. त्या फोनला तीन पाय होते आणि तो मेलेल्या खेकड्यासारखा दिसायचा. तिकडून आधी खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, मग कुणीतरी डोनट मागितला. अध्यक्षाचं ट्रॅक्टरचं दुकान होतं, हे मला वेबसाइटमुळे माहीत होतं.

“हे बघा,” अध्यक्ष म्हणाला, “आम्हाला जनरल हवा होता. या बाईंनी तो आमच्याकडून काढून घेतला. आता बाप आलाय. बाप आम्हाला चालतो. बाप म्हटलं की दगडाला जरा वजन येतं.”

“मजकूर ज्या स्वरूपात उपलब्ध झाला,” आमच्या मॅनेजरने सुरुवात केली, “त्या स्वरूपातच...”

“तो मी बदलला,” मी म्हणालो.

मॅनेजरने डोळे मिटले.

“बाईंनी आईच लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं. आमच्या देशात मधलं नाव वडिलांचं असतं. मला वाटलं बाईंची चूक झाली, म्हणून मी दुरुस्त केलं. पुढची दोन वाक्यंही माझीच. तो बाप घोडा आणायला गेला होता आणि परत आलाच नाही. हे बाईंनी पाठवलेल्या कागदांत आहे.”

मग एका कमिशनरने विचारलं, “मग घोडा मिळाला का त्याला?”

“तू गप्प बस,” दुसरा म्हणाला.

“पण ते कृतज्ञ पुत्राचं वाक्य मस्त आहे,” तिसरा म्हणाला. “तेवढं ठेवता येईल का? आई घालायची आणि बाकी तसंच?”

“निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात,” अध्यक्ष कुरकुरला. “त्यावर बाप आहे. आणि मी म्हणतो, दीडशे वर्षांनंतर कुणाला काय फरक पडतो? आई काय, बाप काय?”

मग बाई बोलल्या. त्या खोलीतच होत्या, मिनिट्स लिहीत. “समारंभाला तुमची आई पहिल्या रांगेत बसणार आहे,” त्या अध्यक्षाला म्हणाल्या. “नव्वद वर्षांची आहे, पण चष्मा लावून तिला दगडावरचं वाचता येतं. तिला जे विचारायचं असेल ते ती मला नाही, तुम्हाला विचारेल.”

तिकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. अध्यक्षाने मतं घेतली. तीन विरुद्ध दोन. आई पास झाली. विरुद्ध गेलेल्या दोघांपैकी एक तो घोड्याची चौकशी करणारा होता, हे मी आवाजावरून सांगतो. जनरल, बाप, आई, ग्रॅनाइट, डोनट, सगळं मिळून वीस मिनिटांत उरकलं. दीडशे वर्षांपूर्वी पिंपावर बसून कारभार करणाऱ्यांचे हे वंशज आहेत, याचा याहून पक्का पुरावा तळघरातसुद्धा सापडला नसता.

“इंग्लंडच्या गृहस्थांना दोन-तीन प्रश्न आहेत,” बाई म्हणाल्या. “माझं वाक्य वाचून तुम्ही मला दुरुस्त केलंत?”

“हो.”

“जोडलेले कागद न उघडता?”

“हो.”

“कुणालाही न विचारता?”

“हो.”

“आभारी आहे. मिनिट्समध्ये अचूक जायला हवं.”

आणि ते गेलं. त्या काउंटीच्या अधिकृत दप्तरात, जमिनीच्या खरेदीखतांशेजारी, माझे तीन होकार जपून ठेवलेले आहेत. माझ्या नावाची याहून टिकाऊ नोंद जगात कुठे होईल असं वाटत नाही. मॅनेजर पुढे महिनाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलला. तो माझ्यापासून सहा फुटांवर बसायचा. ‘मायनर एडिट’चा चौकोन मला काढून टाकायला लावला, आणि तो काढल्याच्या नोंदीपुढेही पुन्हा माझं पूर्ण नाव लागलं.

समारंभ झाल्यावर बाईंनी दगडाचा फोटो पाठवला. सोबत एक शब्द नाही. फोटोत राखाडी ग्रॅनाइट, त्यावर त्या आईचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. खाली एकच वाक्य, की हिच्या मुलाने या काउंटीला हिचं नाव दिलं. कृतज्ञ पुत्र नाही, पवित्र स्मृती नाही. दगडाशेजारी चष्मा लावलेली एक अतिवृद्ध बाई खुर्चीत बसलेली, आणि तिच्या मागे कॅप हातात घेऊन उभा असलेला अध्यक्ष. माणूस ट्रॅक्टरवरून पडल्यासारखा दिसत होता.

मी फोटो ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत छापला आणि घरी नेला. बायको नुकतीच ड्यूटीवरून आली होती. गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. मुलीला उंच खुर्चीत बसवून खिचडी भरवत होती. मी उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितली. सांगताना मी ती किंचित दुरुस्त केली. फाइली न उघडल्याचं वगळलं, मॅनेजरला जरा जास्त भ्याड केलं, स्पीकरफोनसमोरच्या माझ्या आवाजात थोडा कंप घातला. शेवटी फोटो तिच्यासमोर धरला आणि म्हणालो, “एका बाईचं नाव तिला परत मिळालं बघ. माझ्यामुळे.”

तिने फोटो नीट पाहिला. दगडावरचं सगळं वाचलं. मग मुलीच्या हनुवटीवरची खिचडी चमच्याने पुसून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “अमेरिकेतल्या मेलेल्या बाईचं नाव दगडावर कोरून आलास. इथल्या जिवंत बाईचं पोरीच्या नावात घालताना शाई संपली होती का रे?”